हवामान खात्याचं ऐकायचं म्हणजे नक्की काय करायचं?

जुलै 2017 मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यात, आनंदगावच्या शेतकऱ्यांनी चक्क हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. खात्याने पाऊस चांगला सांगितला, त्या भरवशावर पेरलं, मग पावसाने दडी मारली आणि बियाणं मातीत गेलं, अशी त्यांची कैफियत. बियाणं-औषधांच्या कंपन्यांशी संगनमत असल्याचा आरोपही त्यात होता. ऐकायला गंमत वाटते, पण जरा थांबून आकडे पाहा. त्या वर्षी जूनमध्ये खात्याने सांगितलं होतं: देशात दीर्घकालीन सरासरीच्या 98 टक्के पाऊस, चार टक्के इकडे किंवा तिकडे. चार महिने संपले तेव्हा देशाचा पाऊस भरला 95 टक्के. म्हणजे अंदाज त्याच्या स्वतःच्या मापाने बरोबर आला आणि आनंदगावची पेरणीही बुडाली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे उलगडलं की तज्ज्ञाच्या शब्दावर विसंबणं म्हणजे काय, ते बरंचसं उलगडतं.

विसंबल्याशिवाय तर कुणाचंच चालत नाही. शेतकरी हवामान शास्त्रज्ञावर विसंबतो हे दिसतं, पण पुण्यातला तो शास्त्रज्ञही दुसऱ्यांवर तितकाच विसंबून असतो. पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या निरीक्षणासाठी मुंबई, नागपूर, पणजीहून हवेत फुगे सोडतात. त्यांतली यंत्रं उंचावरचं तापमान, आर्द्रता, वारा कळवतात. ते आकडे तपासायला तो पणजीला जात नाही. उपग्रह बनवणाऱ्याचं गणित त्याने पडताळलेलं नसतं, महासंगणकावर चालणाऱ्या प्रारूपातल्या (हवामानाचं गणित करणाऱ्या मॉडेलमधल्या) लाखो ओळी त्याने वाचलेल्या नसतात. एकट्याच्या डोक्यात मावेल असं यातलं काहीच नाही. तेव्हा ‘स्वतः पडताळून पाहा, मगच विश्वास ठेवा’ हा सल्ला कानाला गोड असला तरी पाळता येत नाही. पडताळता येतात त्या वेगळ्या गोष्टी: तज्ज्ञ नेमकं काय म्हणाला, कुठल्या जागेबद्दल, किती मुदतीसाठी, आणि मागच्या वेळी चुकला तेव्हा त्याने काय केलं.

पहिल्यापासून सुरुवात करू.

एक आकडा, छत्तीस विभाग

एप्रिलमध्ये बातमी येते: ‘यंदा पाऊस सामान्य’. यातला ‘सामान्य’ हा बोलीतला शब्द नाही, ती मोजमापाची चौकट आहे. जून ते सप्टेंबरची देशाची दीर्घकालीन सरासरी सध्या 87 सेंटिमीटर धरतात. ती 1971 ते 2020 या पन्नास वर्षांच्या नोंदींवरून काढलेली आहे. तिच्या 96 ते 104 टक्के पाऊस म्हणजे सामान्य. 90 च्या खाली गेला तर अपुरा, 110 च्या वर गेला तर अतिरिक्त, मधल्या पट्ट्यांना ‘सामान्यपेक्षा कमी’ आणि ‘सामान्यपेक्षा जास्त’. एप्रिलच्या अंदाजाला पाच टक्क्यांची, मेअखेरच्या सुधारित अंदाजाला चार टक्क्यांची चूक जोडलेली असते. ती प्रारूपाच्या मागच्या कामगिरीवरून काढतात. निकाल तिच्या बाहेर जाणारच नाही अशी ती हमी नव्हे. 2019 मध्ये अंदाज 96 टक्क्यांचा होता आणि पाऊस झाला 110.

आता हा आकडा कुणाचा? अख्ख्या देशाचा. हवामान खात्याने देशाचे 36 उपविभाग पाडले आहेत. आपल्याकडे त्यांतले चार येतात: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. मराठवाड्याचं क्षेत्रफळ देशाच्या जेमतेम दोन टक्के आणि तिथला पाऊसही देशाच्या सरासरीपेक्षा कमी. गणित करून पाहा: सगळ्या मराठवाड्यात निम्माच पाऊस पडला, तरी देशाचा आकडा एका टक्क्यानेही हलत नाही. म्हणजे ‘98 टक्के’ या वाक्यात आनंदगावबद्दल जवळपास काहीच नव्हतं. धरणांचं नियोजन, धान्याची आयात, विजेची मागणी बघणाऱ्या दिल्लीतल्या माणसासाठी तो आकडा कामाचा. चाड्यावर मूठ धरायची की नाही, हे तो सांगत नाही आणि सांगण्याचा दावाही करत नाही.

गोंधळात भर अशी की खात्याचा दुसराही एक ‘सामान्य’ आहे. उपविभाग किंवा जिल्ह्याच्या पातळीवर सरासरीच्या 19 टक्के खाली ते 19 टक्के वर, एवढा सगळा पट्टा ‘सामान्य’ या एकाच रंगात दाखवतात. 18 टक्के तूट असलेला जिल्हा नकाशावर सामान्यच दिसतो. जिल्ह्यातला पाऊस वर्षागणिक जास्त हेलकावे खातो, म्हणून पट्टा रुंद ठेवलेला आहे. त्यात खोट नाही, पण हे सांगितल्याशिवाय नकाशा दाखवणं म्हणजे फसगतीला आमंत्रण.

शिवाय चार महिन्यांची बेरीज दिवसांचा हिशोब लपवते. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, 36 टक्के तूट. हंगामाचा आकडा मात्र 94 टक्क्यांवर थांबला. अंदाज होता 96. कागदावर दोन टक्क्यांचा फरक. महाराष्ट्रात त्याच वर्षी 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. जागेचंही तसंच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला 73.

शब्दांचा कोश

रोजच्या अंदाजातले शब्दही असेच मोजलेले असतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर चौथाई. ‘काही ठिकाणी’ म्हणजे 26 ते 50 टक्के केंद्रं, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे 51 ते 75, आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून जास्त. ‘जोरदार’ सुरू होतो 64.5 मिलिमीटरला, ‘अति जोरदार’ 115.6 ला, ‘अत्यंत जोरदार’ 204.5 ला, तेही सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ या चोवीस तासांत. तेव्हा ‘विदर्भात तुरळक ठिकाणी जोरदार’ हा अंदाज खरा ठरला, तरी चारांतली निदान तीन केंद्रं जोरदार पावसाविना राहणार. त्या तिघांच्या गावातली माणसं म्हणणार, खात्याने पाऊस सांगितला म्हणजे छत्री घरी ठेवा!

हंगामाचे आणि महिन्याचे नकाशे शक्यतेच्या भाषेत असतात. कमी, सामान्य, जास्त असे तीन कप्पे. काहीच माहिती नसेल तर प्रत्येकाला 33 टक्के. नकाशा मराठवाड्यावर ‘जास्त पावसाची शक्यता 45 टक्के’ दाखवत असेल, तर पारडं जास्तीकडे झुकलं आहे एवढंच. जास्त पाऊस न होण्याची शक्यता अजूनही 55 टक्के आहे. ही माहिती खरी आणि उपयोगाची, पण वर्तमानपत्राच्या मथळ्यात ती ‘मराठवाड्यात यंदा जोरदार’ अशी उतरते.

पाणी मुरतं ते इथेच. पुण्यात शिवाजीनगरला ज्या इमारतीला लोक अजून शिमला ऑफिस म्हणतात (खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं, ते नाव टिकलं), तिथून निघालेलं वाक्य शेतापर्यंत पोचेस्तोवर चार-पाच हात बदलतं. पहिल्या हाताला ‘चार टक्के इकडे-तिकडे’ गळतं, दुसऱ्याला ‘देशात’ हा शब्द गळतो, तिसऱ्याला शक्यता. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर उरतं ते ‘पाऊस चांगला आहे, पिशव्या आजच न्या’. दुकानदाराचा त्यात काही डाव असतोच असं नाही, पण त्याचं दुकान जूनच्या पहिल्या पंधरवड्यात चालतं हेही विसरू नये. तज्ज्ञाचा अधिकार उसना घेऊन बोलणारा प्रत्येक माणूस तज्ज्ञ नसतो. भरवसा ठेवायचा तर मूळ वाक्यावर ठेवावा.

मग यूट्यूबवाल्याचं का पटतं?

अनेक गावांत आज खात्यापेक्षा मोबाइलवर अंदाज सांगणाऱ्या एखाद्या माणसाचा शब्द चालतो. बुलडाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात. धान्यं गोलाकार मांडून, मधे पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांवरून पीकपाणी सांगतात. ते ऐकायला लांबून लोक येतात. पंचांगात नक्षत्राचं वाहन बघणारेही आहेत. या सगळ्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं, पण त्यांच्याकडे खात्याकडे नसलेल्या तीन गोष्टी असतात: आपली बोली, ओळखीचा चेहरा आणि ‘अमुक तारखेला पडेल’ असं ठाम वाक्य. ठामपणाला माणूस भुलतो. पाच टक्के इकडे-तिकडे म्हणणारा कच्चा वाटतो, प्रत्यक्षात चूक आधीच सांगणारा जास्त पक्का असतो.

कोण किती बरोबर, हे ठरवायला महासंगणक लागत नाही. एक वही पुरते. दर वेळी तीन गोष्टी आधी लिहा: अंदाज कुठल्या तालुक्याचा, कुठल्या तारखांचा, आणि किती मिलिमीटरला ‘पडला’ म्हणायचं. खातं 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पावसाच्या दिवसाला पावसाचा दिवस म्हणतं, तेच माप धरा. अंदाजात यांपैकी एखादी गोष्ट नसेल, तर तो तपासता येत नाही. ‘ऑगस्टमध्ये पाऊस साधारण, कुठे कमी कुठे जास्त’ हे वाक्य कधीच चुकत नाही, म्हणून त्याची किंमत शून्य. मग चार खाने करा: सांगितला आणि पडला, सांगितला आणि नाही पडला, नाही सांगितला आणि पडला, नाही सांगितला आणि नाही पडला. लोकांच्या लक्षात राहतो फक्त पहिला खाना. यूट्यूबच्या चित्रफितींत पुन्हा दाखवला जातो तोही तोच.

दुसरी मेख याहून मोठी. जुलैत रत्नागिरीत ‘उद्या पाऊस’ असं डोळे मिटून रोज सांगणारा माणूस जवळजवळ नेहमीच बरोबर ठरेल. तेव्हा नुसते बरोबर अंदाज मोजू नका. ‘आज जसं तसंच उद्या’ म्हणणाऱ्या आळशी अंदाजाचे गुण त्याच वहीत काढा. त्याच्यापेक्षा जास्त गुण मिळवले तरच ते कसब.

या कसोटीतून खातंही सुटत नाही. शास्त्रज्ञ वसंत गोवारीकरांच्या पुढाकाराने 1988 पासून सोळा घटकांचं प्रारूप वापरात आलं: कुठल्या समुद्राचं तापमान, कुठला वायुदाब, हिमालयातला बर्फ वगैरे. पुढे वर्षामागून वर्षं अंदाज बरोबर येत गेला आणि प्रारूपाची कीर्ती झाली. पण 1989 ते 2001 या तेरा वर्षांत पाऊस दर वर्षी सरासरीच्या दहा टक्के खाली ते दहा टक्के वर, एवढ्या पट्ट्यातच राहिला होता, आणि तेव्हाच्या व्याख्येत ते सगळं ‘सामान्य’मध्ये मोडत होतं. दर वर्षी न बघता ‘सामान्य’ म्हणणाराही तेरापैकी तेरा गुण घेऊन गेला असता. खरी परीक्षा 2002 मध्ये झाली. अंदाज 101 टक्के, पाऊस 81. जुलैत तर जवळपास निम्मा पाऊस गायब.

पुढे जे झालं ते महत्त्वाचं. ज्या घटकांचा पावसाशी संबंध काळाच्या ओघात विरळ झाला होता, ते गाळले गेले. 2003 मध्ये आठ आणि दहा घटकांची नवी प्रारूपं आली. 2004 मध्ये तीही हुकली, मग 2007 मध्ये पुन्हा पद्धत बदलली. 2012 पासूनच्या मान्सून मिशनमध्ये समुद्र आणि वातावरण एकत्र गणित करणारी प्रारूपं आली, आता अनेक प्रारूपांचा मेळ घालतात. या सगळ्या चुका आपल्याला ठाऊक आहेत कारण खात्याने अंदाजही छापला आणि निकालही. 2009: 93 सांगितला, 78 झाला. 2015: 88 सांगितला, 86 झाला. 2024: 106 सांगितला, 108 झाला. असा तक्ता भेंडवळचा मांडता येत नाही. एखाद्या तज्ज्ञाच्या गुणपत्रिकेत नापास विषय दिसत नसतील, तर गुणपत्रिका अर्धीच दाखवली आहे असं समजावं.

तज्ज्ञांतच मतभेद झाले तर? 2015 मध्ये झाले होते. एक खासगी संस्था 102 टक्के म्हणत होती, हवामान खातं 88. माध्यमांनी दोघांना समोरासमोर बसवून मजा घेतली. सामान्य माणसाला अशा वेळी तीन गोष्टी बघता येतात: दोघांचा आधीचा हिशोब, कारण सांगितलं आहे का (त्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो, म्हणजे आपला पाऊस अनेकदा घटवणारी समुद्राच्या पाण्याची तापवाढ, जोर धरत होता आणि खात्याचं बोट तिकडेच होतं), आणि नवी माहिती आल्यावर आकडा कुणी बदलला. खात्याने एप्रिलचा 93 जूनमध्ये 88 वर आणला. मत बदलणं हे आपल्याकडे कच्चेपणाचं लक्षण मानतात. अंदाजाच्या धंद्यात ते उलट आहे.

ऐकून करायचं काय

पेरणीच्या निर्णयासाठी हंगामाचा अंदाज बाजूला ठेवा. मान्सून केरळात 24 मेला पोचला की 1 जूनला, यावरही पेरू नका. 2025 मध्ये तो 26 मेला मुंबईत आला आणि मग राज्यात बरेच दिवस रेंगाळला. कृषी विद्यापीठांची शिफारस सरळ आहे: 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्यावरच पेरा. तापलेल्या काळ्या रानावर पडलेला दहा-पंधरा मिलिमीटरचा वळीव बी उगवायला पुरतो, जगायला पुरत नाही. कोंब वर येतो आणि खालची ओल संपते. दुबार पेरणी ती हीच. सोबत खात्याचा दर गुरुवारी निघणारा विस्तारित अंदाज बघा. तो चार आठवड्यांचा असतो, त्यातले पहिले दोन जास्त भरवशाचे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्हावार कृषी सल्लाही निघतो, मेघदूत ॲपवर मराठीत मिळतो.

पण 75 मिलिमीटर कुणाच्या शेतावरचे? राज्यात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रं आहेत. तरी तुमचं शिवार केंद्रापासून आठ किलोमीटरवर असेल, तर गावचा पाऊस गावानेच मोजलेला बरा. सरळ उभ्या कडांचं, सपाट बुडाचं भांडं घ्या. निमुळती बाटली चालत नाही, कारण तोंडाचं आणि बुडाचं क्षेत्रफळ वेगळं पडतं. तोंड जमिनीपासून 30 सेंटिमीटर उंच ठेवा, जवळच्या झाडा-भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर. रोज सकाळी साडेआठला पट्टीने मोजा, लिहा, ओता. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, एकराला सुमारे चार हजार लिटर. पत्र्यावरून गळणाऱ्या पागोळीखाली डबा ठेवून ‘रात्रीत सहा इंच’ म्हणणारे दर गावात असतात. त्यांचा आकडा वहीत घेऊ नका.

शक्यतेचं रूपांतर निर्णयात करायला साधा भागाकार पुरतो. काढलेल्या सोयाबीनची गंजी शेतात आहे, ताडपत्री भाड्याने आणून झाकायला हजार रुपये, आणि भिजली तर वीस हजारांचं नुकसान. हजार भागिले वीस हजार, म्हणजे पाच टक्के. पावसाची शक्यता पाच टक्क्यांपेक्षा जास्त असली की झाका. पेरणीचं गणित वेगळं. समजा आठवडाभर आधी पेरल्याने एकरी चार हजारांचा फायदा, आणि खंड पडून दुबार पेरावं लागलं तर आठ हजारांचा फटका. मग पाऊस टिकण्याची शक्यता दोन तृतीयांशपेक्षा जास्त असेल तेव्हाच घाई परवडते. आकडे उदाहरणाचे आहेत, आपापले घाला. ‘60 टक्के शक्यता’ हा एकच अंदाज ऐकून एकाने ताडपत्री टाकावी आणि दुसऱ्याने पेरणी थांबवावी, यात दोघेही बरोबर.

म्हणूनच अंदाज सांगणारा आणि निर्णय घेणारा वेगळे ठेवावे लागतात. लाल इशाऱ्यावरून शाळेला सुट्टी जिल्हाधिकारी देतात, हवामान खातं नाही. दुपारी ऊन पडलं की शिव्या मात्र खात्याला. धोक्याचा इशारा काही वेळा फुकट जाणं हे त्याच्या किमतीतच धरलेलं असतं. 2019 मध्ये फनी चक्रीवादळापूर्वी ओडिशात बारा लाखांच्या आसपास माणसं हलवली. त्यांतल्या अनेकांच्या घरांना काही झालं नसेलही. पण 1999 च्या वादळात त्याच राज्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली होती.

सीमारेषा पुसली की काय होतं, याचं उदाहरण इटलीत आहे. 6 एप्रिल 2009 ला लाक्विला शहरात भूकंप होऊन तीनशेहून जास्त माणसं मेली. त्याआधी काही दिवस, तज्ज्ञांची बैठक भरायच्याही आत, नागरी संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्याने टीव्हीवर सांगून टाकलं की बारीक धक्क्यांनी ऊर्जा बाहेर पडते आहे, हे चांगलंच आहे. शास्त्रात याला आधार नव्हता. 2012 मध्ये त्या अधिकाऱ्यासह सहा शास्त्रज्ञांना सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली. 2014 मध्ये अपिलात शास्त्रज्ञ सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी होऊन दोन वर्षांवर आली. भूकंपाची तारीख आधी सांगता येत नाही, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होतं. लोकांपर्यंत पोचलं ते ‘घाबरू नका’.

मधली ही जागा भरायला आपल्याकडे 2018 पासून कृषी विज्ञान केंद्रांमध्ये 199 जिल्हा कृषी हवामान कक्ष उभे राहिले होते. अंदाज तालुक्याच्या भाषेत आणणं, पिकाच्या अवस्थेशी जोडणं हे त्यांचं काम. 2024 च्या सुरुवातीला ते बंद झाले. आता मंगळवार-शुक्रवारचा सल्ला पुन्हा मुख्यतः विद्यापीठांतल्या विभागीय केंद्रांकडून येतो. आपल्याकडे ती परभणी, राहुरी, अकोला, दापोली इथल्या कृषी विद्यापीठांशी जोडलेली आहेत. सल्ल्याच्या पहिल्या परिच्छेदात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो. ‘तुरळक’ आहे की ‘बऱ्याच ठिकाणी’, ते तिथे बघा, आणि वहीत आजची तारीख टाका.